बोगमाळोच्या त्या तिघांचे आभार

गोव्यात मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्याला ‘पायलट’ म्हणतात. परवा बाबांना बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात नेताना अशाच एका पायलटचे उपकार झाले. आमची रिक्षा चिखलीजवळ बंद पडली. त्याने बाबांना मागे बसवून थेट फाटकापर्यंत सोडलं आणि मला न्यायला परत आला. दुसऱ्या खेपेचे पैसे काही केल्या घेईना.

आत बाबा सुपर कॉन्स्टेलेशनसमोर थबकले ते थबकलेच. चार पिस्टन इंजिनं, तीन शेपट्या. आधी एअर इंडियाची प्रवासी सेवा, मग हवाई दल, शेवटी नौदलाची समुद्रावरची टेहळणी. एवढं आयुष्य एकाच विमानाला! (माझा जीव मात्र पाण्यावरही उतरणाऱ्या चिमुकल्या सीलँडवर जडला.)

ऊन कडक होतं. तिथल्या एका काकांनी न मागता आपली खुर्ची आणून विमानाच्या सावलीत ठेवली. १९७१ मध्ये विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझेबद्दल बाबा बोलत सुटले, तेव्हा एक तरुण नौसैनिक पंधरा मिनिटं ऐकत उभा राहिला. जहाजावर जागा कमी म्हणून अलिझेचे पंख कसे दुमडत, हे त्यानं हात कोपरातून वाकवून दाखवलं.

तिघांपैकी एकाचंही नाव विचारायचं सुचलं नाही. मनापासून आभार. आणि पायलटदादा, तुमचे दुसऱ्या खेपेचे पैसे माझ्याकडे बाकी आहेत.