पोहून आल्यावरच्या थकव्याबद्दल, वैशीला

प्रिय वैशे,

तुझी व्हॉइस नोट काल रात्री भांडी घासताना ऐकली, मधेच साबणाच्या हाताने थांबवली आणि परत पहिल्यापासून ऐकली. पुण्यात जाऊन पोहायला लागलीस हे ऐकूनच मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू! पण लगेच पुढे तुझं रडगाणं, सकाळी पूलमधून बाहेर आल्यावर एकदम फ्रेश वाटतं आणि अकराच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात, संध्याकाळी जिना चढताना पाय उचलत नाहीत, आणि सासूबाई म्हणतात झेपत नाही तर कशाला हे नसते उद्योग. वय झालं का गं आपलं, असं विचारायलीस तू. वय कसलं डोंबलाचं, चाळिशी म्हणजे काय वय आहे होय?

मला पण अगदी असंच व्हायचं की. शाळेत तिसऱ्या तासाला फळ्याकडे तोंड करून जांभया द्यायची, पोरांना वाटायचं बाई गणित आठवायलेत.

एक लक्षात घे, पाण्यात आपण किती दमलो ते कळतच नाही. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पटीने भराभर अंगातली ऊब ओढून घेतं, त्यात आपलं बेळगाव, डिसेंबरात सकाळी टिळकवाडीतनं स्कूटी चालवत यायचं म्हटलं तरी हात गारठतात, म्हणजे शरीराला पोहायचं पण आहे आणि स्वतःला गरम पण ठेवायचंय. घाम येतो पण दिसत नाही. शिवाय पाण्याच्या दाबाने हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, शरीराला वाटतं आत पाणी जास्त झालंय, म्हणून तर पूलमध्ये सारखी लघवीला लागते. सगळं मिळून बाहेर येताना आपण चांगल्याच कोरड्या पडलेल्या असतो आणि तहान मात्र लागलेली नसते. शिडी चढून एकदम उभी राहिलीस की गरगरतं म्हणालीस ना, ते पण त्यातलंच, दाब सुटतो आणि रक्त परत पायाकडे जातं. दोन मिनिटं कडेला पाय सोडून बसायचं आणि मग उठायचं. बाटली पूलच्या काठावर ठेव, बॅगेत नको, बॅगेतली बाटली कोण पीत नाही.

दुसरं म्हणजे तुझी किक. मी बघितलेलं नाही तुला तिथे पण पैजेवर सांगते तू पाय धाडधाड आपटत असणार, नवीन सगळे तेच करतात, बुडायची भीती. मांड्यांचे स्नायू केवढे मोठे, सगळा दम तेच खाऊन टाकतात आणि पुढे सरकतो आपण इतकुसं. आमचे कोच कानडी आहेत, ते काठावरनं सारखे ओरडतात, निधान अक्का, निधान! म्हणजे हळू ताई, हळू. आणि पाण्यात श्वास कोंडून धरू नको, नाकातोंडातनं बुडबुडे सोडत राहा, म्हणजे तोंड वर आल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. एवढ्या दोन गोष्टींनी माझा अर्धा थकवा गेला बघ.

आणि खानापूरला मलप्रभेत आपण सुट्टीत दिवसभर डुंबायचो तेव्हा कुठे दमायचो? असं तू म्हणालीस. अगं पण तेव्हा आपण सलग पोहायचो कुठे, जरा हातपाय मारले की खडकावर उन्हात पालथं पडायचं, चिंचा खायच्या, परत उडी. आता तू घड्याळ बघून न थांबता फेऱ्या मारतेस. दोन फेऱ्या झाल्या की काठ धरून थांब की, कोण विचारायला बसलंय?

आता खाण्याचं. तू चहा बिस्किटावर नऊपर्यंत काढतेस हे ऐकून तुला दोन फटके द्यावेसे वाटले. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत पोट रिकामं, त्यावर पाऊण तास पोहायचं, आणि वर चहा! मी निघताना अर्धं केळं खाते, तेवढं चालतं. पोहून झालं की चेंजिंग रूमच्या बाहेर बाकावर बसून डबा उघडते. दोन उकडलेली अंडी, गुळातली नाचणीची आंबील थर्मासमध्ये, कधी घरचे पोहे, वर ग्लासभर दूध. अंड्यांची टरफलं डब्याच्या झाकणात, केसातनं पाणी मानेवर ठिबकतंय, वॉचमनचं कुत्रं समोर बसून माझ्या हाताकडे टक लावून, असा आमचा ब्रेकफास्ट. दोन अंडी आणि दूध मिळून वीसेक ग्रॅम प्रोटीन होतं, तेवढं पुरे, पावडर बिवडर काही नको. अंडी चालत नसतील त्या दिवशी मटकीची उसळ आणि दही. घरी जाऊन मग खाऊ म्हटलंस तर संपलं, घरी गेल्यावर आधी सगळ्यांचे डबे, मग आपण. आणि रविवारी पूलवरनं येताना कुंदा आणला तर खा बाई, मी पण खाते, पण नुसता गोड कुंदा खाऊन तासाभराने परत पेंगायला येतं हे सांगून ठेवते.

झोपेचं मात्र अवघड आहे. पाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायला पाहिजे, आणि आमच्याकडे हे साडेनऊला दुकान बंद करून येणार, मग जेवण, मग आवराआवर. मी सरळ आठला जेवून घ्यायला लागले. बाईमाणूस नवऱ्याआधी जेवते म्हणून थोडे दिवस घरात तोंडं वाकडी झाली, आता त्यांचं ते वाढून घेतात, काही अडत नाही. दुपारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वीस मिनिटं डोळे मिटते, गजर लावून. तासभर झोपलं की उठल्यावर डोकं जास्तच जड. तू ऑफिसात कुठे झोपणार ते तू बघ, पण चारनंतरची कॉफी बंद कर, ती रात्रीपर्यंत अंगात राहते.

आणि रोज कशाला जातेस? आठवड्यातनं तीन दिवस बास, त्यातला एक दिवस नुसतं आरामात तरंगायचं. आपण काय वीरधवल खाडे आहोत होय, कोल्हापूरचं पोरगं, 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ घेऊन आलं. त्या पातळीचे लोक सुद्धा मोठ्या रेसआधी सराव कमी करतात, अंगाला भरून यायला वेळ देतात.

पण वैशे, मला वेगळाच राग येतो. दिवसभर ऑफिस, स्वयंपाक, पोराचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, याने थकलीस असं कोण म्हणत नाही, पोहून थकली म्हणतात. कारण तेवढं एकच तू स्वतःसाठी करतेस, मग काटायला सगळ्यात आधी तेच सापडतं.

हे सगळं करून पण महिनाभरात फरक पडला नाही तर गप रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी ट्वेल्व, थायरॉइड. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे कमीच, आणि कधी कधी ते ठीक दिसतं पण साठवणीतलं लोह, म्हणजे ते फेरिटिन, तळाला गेलेलं असतं. माझं तसंच निघालं होतं, पाळीत खूप जायचं ना. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलमधनं आपल्या मनाने आणू नको. जेवणावर लगेच चहा पण नको, लोह अंगी लागत नाही, तासभर थांब, जेवताना लिंबू पीळ. आणि छातीत दुखलं, धडधड झाली किंवा साधं चालताना दम लागला तर मला व्हॉइस नोट पाठवत बसू नको, सरळ डॉक्टर गाठ.

रिपोर्ट आले की फोटो टाक. आणि दिवाळीत येशील तेव्हा कॉस्च्यूम आण, इथे माझ्याकडे एक्स्ट्रा आहे पण तुला होणार नाही, जाडे!

तुझी,
मंगल