साडेसोळा फेऱ्या

इंदूर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ओरडायला लागतोस आणि मला आज सलग बोलायचंय. तब्येत ठीक. साखर आहे तेवढीच आहे, हिची पाठ अधूनमधून धरते. झालं.

आता मुद्दा. माझ्या अंगणात पेरूखाली तुझ्या अप्पांची चेतक स्कूटर उभी होती. २००९ साली "दोन महिन्यांत नेतो" म्हणून लावून गेलास, त्याला सोळा पावसाळे झाले. मी भाडं मागत नाहीये. "होती" हा शब्द नीट वाचलास ना? तर तिचं इंजिन मी काढलं.

थांब, पत्र फाडू नकोस. २०१५ साली तुला विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालास, "दे टाकून कबाड्याला." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन करून म्हणालास, "नको, राहू दे." मी तुझं पहिलं वाक्य धरलं. दुसरं सोयीने विसरलो. हा कबुलीजबाब समज हवं तर.

झालं असं की कॉलेजच्या जुन्या पोरांनी एक स्पर्धा काढली. चौघांचा संघ, भंगारातून गाडी बनवायची, विकतचं सामान सहा हजारांच्या वर नको, पावत्या दाखवायच्या. इंजिन दीडशे सीसीच्या आत. हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर आणि इंजिन बंद करायचं लाल बटण सक्तीचं. बायपासजवळच्या मैदानात चारशे मीटरची फेरी, अशा वीस. बाळ्याने मला न विचारता नाव देऊन टाकलं, शाळेत तुझं नाव वक्तृत्वाला दिलं होतं तसंच. पीथमपूरला इंजिनिअरिंगच्या पोरांची ती बाहा नावाची गाड्यांची स्पर्धा २००७ साली सुरू झाली, तसलं काही डोळ्यांसमोर आणू नकोस. तिथे डिझाइनचे मार्क असतात, ब्रेकची परीक्षा असते. आणि तिथला नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्या तपासायच्या केंद्राचा, ट्रॅक ११.३ किलोमीटरचा! आमच्या ट्रॅकवर एक कुत्री पिल्लं घेऊन बसली होती, तिच्यासाठी वळण बदललं.

दोन महिने रोज संध्याकाळी लोहा मंडी. सद्याने एका मोटरसायकलचं इंजिन पसंत केलं, त्याचेच साडेचार हजार. उरलेल्या दीड हजारात ब्रेक, केबल, वेल्डिंगचे रॉड कसे बसायचे? त्या रात्री आम्ही अंगणात बसलो होतो. बाळ्या चहा पिता पिता पेरूकडे बघत राहिला. मी म्हटलं, "त्याचा विचारही करू नकोस." तो म्हणाला, "मी पेरू बघून राहिलो." फेब्रुवारीत पोहे खायला येशील तेव्हा त्याला विचार, डिसेंबरात त्या झाडाला किती पेरू होते ते.

(तुझं मराठी आता नाशिकचं शुद्ध झालं असेल. आमचं तेच, येऊन राहिलो, जाऊन राहिलो.)

चेतकची गंमत तुला कधी कळली नव्हती, कारण तू फक्त प्लग साफ करायचास. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक हा एकच नग आहे. चेन नाही, पट्टा नाही, चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. म्हणजे चार चाकांची गाडी केली तर मागच्या एकाच चाकाला जोर मिळणार आणि गाडी वाकडी पळणार. रिक्षाला दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल असतं, ते आमच्या सहा हजारांत बसत नव्हतं. म्हणून मी सुचवलं की पुढे दोन चाकं, मागे एक. सगळ्या प्रकरणातली माझी एवढीच अक्कल, आणि ती बरोबर निघाली, हे लिहून ठेवतो. बाळ्या ते श्रेय आता स्वतःकडे घेतोय.

रज्जाकभाईंनी दवाखान्याच्या मोडक्या खाटांच्या पाइपातून सांगाडा जोडला. पुढे एक तुझी स्टेपनी, दुसरं चाक त्यांच्याकडचं. स्टिअरिंग मारुती ८०० चं. पहिल्या दिवशी गल्लीत वळवली तर पुढची चाकं मांजर चिरडल्यासारखी ओरडायला लागली. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, आमची दोन्ही सारखीच वळत होती. मग सद्याने पतंगाचा दोरा घेतला. पुढच्या दोन्ही चाकांच्या खुंट्यांपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन दोरे ताणले आणि स्टिअरिंगचे आर्म त्या दोऱ्यांच्या रेषेत वाकवून घेतले. आवाज गेला. भूमितीत दोनदा नापास झालेला हा माणूस! देशपांडे सरांना कळवायला हवं होतं.

आणि चालू करणं. चेतक आडवी केल्याशिवाय थंडीत कधी चालू झाली होती का? अप्पा रोज सकाळी तिला कुशीवर घ्यायचे, आजारी माणसाला घेतात तसं. आता तीन चाकांवर, खाटेच्या पाइपात बोल्ट मारलेली. ती कशी आडवी करणार? तर चार माणसं एका बाजूने गाडी उचलून धरायची, मोजून दहा आकडे, मग खाली ठेवून किक. स्पर्धेच्या दिवशी लोकांनी याचे व्हिडिओ काढले.

तू विचारशील, बाकीची स्कूटर? इंजिन आणि स्टेपनीच नेली, असं वर लिहिलंय ना. ते पूर्ण खरं नाही. डावं हँडलही घेतलं, कारण क्लच आणि गिअर त्याच मुठीत. आणि पुढचा पत्रा कापला. गाडीचं नाक करायला. ग्राइंडर मीच चालवला, रज्जाकभाईंनी हात लावायला नकार दिला. निळा रंग तसाच ठेवला, तुझी शपथ. नंबरप्लेट माझ्या कपाटात आहे.

गाडी मुक्ताने चालवली, सगळ्यांत हलकी तीच, अठ्ठेचाळीस किलो. नऊ गाड्या होत्या. एकीला पंप-सेटचं इंजिन, एक तर सुटताना जागच्या जागी गोल फिरली. आमची पाचव्या फेरीपर्यंत सातवी, दहाव्याला चौथी. विन्या, तो आवाज! टू-स्ट्रोकचा तो फाटका आवाज आणि निळा धूर, आणि मला वाटलं अप्पा गिरणीची पाळी संपवून गल्लीच्या तोंडाशी आले, आता आपण कॅरम आवरायचा. बाळ्या माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे नाही.

सतराव्या फेरीत, बरोबर अर्ध्यावर, आवाज एकदम चढला, कोरडा झाला, आणि मागचं चाक जाम. मुक्ताने त्या क्षणी क्लच दाबला म्हणून गाडी सरळ राहिली, नाहीतर उलटली असती. हे तिला मी शिकवलेलं, आणि मला अप्पांनी. "डावा हात झोपला की माणूस झोपला."

आता जे फक्त तुलाच लिहितोय ते. इंजिन जाम का झालं? बाकीच्यांना वाटतं, म्हातारं होतं म्हणून. तसं नाही. चेतकच्या सिलिंडरवर एक पत्र्याचं कव्हर असतं. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा त्यातूनच सिलिंडरच्या पात्यांवर जाते. कव्हर नसलं की पंखा नुसता हवेत फिरतो. ते कव्हर आदल्या रात्री मी काढलं. वजन कमी होईल म्हणून नाही. तसं सांगितलं सगळ्यांना. इंजिन उघडं असलं की रेसच्या गाडीसारखं दिसतं म्हणून काढलं. एकोणपन्नासाव्या वर्षी. चार माणसांची दोन महिन्यांची मेहनत आणि तुझ्या बापाचं इंजिन, दिसायला बरं म्हणून. आठ दिवस झाले, झोप नाही. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "स्कूटरच होती ना." तिचंही बरोबर आहे.

सद्या आणि बाळ्याने उरलेल्या साडेतीन फेऱ्या ढकलत नेली, नियमात बसत होतं. सहावा नंबर आला. बाळ्या म्हणाला छातीत दुखतंय. ती जिलेबी होती.

दुसऱ्या दिवशी स्कूटरची डिकी उघडली. तिच्यात अप्पांची वही. तुला आठवते? पेट्रोलची. तारीख, लिटर, दर, मीटरचा आकडा, आणि पुढे "ऑइल १००", म्हणजे पाच लिटर पेट्रोलमध्ये शंभर मिली ऑइल मिसळायचं. १९८४ च्या पहिल्या पानापासून. गिरणी बंद पडल्यावर दीड-दीड लिटर भरलंय, दोन वर्षं, पण ऑइल प्रत्येक वेळी मोजून. मी उभ्या उभ्या वाचत गेलो आणि १९९३ च्या जुलैत थांबलो.

पातालपाणीच्या धबधब्याची ती फेरी! तीस वर्षं आपण भांडलो की मडगार्ड कुणामुळे वाकला. तू म्हणतोस मी ब्रेक उशिरा दाबला, मी म्हणतो तू मागे बसून नाचत होतास. आणि तू छाती ठोकून सांगायचास की मीटरची केबल काढून ठेवली होती, अप्पांना कळणं शक्यच नाही. तर ऐक. अप्पांच्या अक्षरात: "मीटर ७३ जादा. मडगार्ड, पोरांनी. ६० रु." केबल तू काढलीच नव्हतीस, थापाड्या. किंवा काढलीस ती दुसरीच. आणि त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. "पोरांनी" असं लिहिलंय बघ, तुझं एकट्याचं नाव नाही.

काकूंना यातलं सांगू नकोस. निदान पत्र्याचं तरी नको. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? चिन्मयला नोकरी लागली असं उडत उडत कळलं, अभिनंदन, पेढे पाठव. घराचं काम कुठवर आलं, तेही कळव.

आता काम. रज्जाकभाईंनी प्लगच्या भोकातून रॉकेल सोडून तीन दिवस ठेवलं, काल किक हलली. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओरबाडलाय, पण फाटला नाही. ते म्हणतात, बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकला तर इंजिन पुन्हा उभं राहील. पत्राही जोडता येईल, वेल्डची रेघ दिसेल. खर्च माझा, त्यावर बोलू नकोस. पण हात लावायच्या आधी या वेळी विचारतोय. आणि उत्तर एकच दे, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन करू नकोस.

तुझा,
सुध्या

ता. क. वही रजिस्टर पोस्टाने पाठवणार होतो, पण धीर होत नाही, येऊन घेऊन जा. शेवटच्या नोंदीखाली मी एक ओळ वाढवली आहे, पेन्सिलने, खोडता येईल अशी: २ फेब्रुवारी, दोन लिटर, ऑइल ४०.