हूनाच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. अलास्कातल्या चिचागॉफ बेटावरचं तुमचं गाव हजार वस्तीच्या आतलं, कुणी कुणाला गाडीत घेतलं हे सगळ्यांना ठाऊकच असणार.

आइसी स्ट्रेट पॉइंटच्या, म्हणजे आमचं क्रूझ जहाज लागलं त्या धक्क्यावरून आम्ही गावाकडे चालत निघालो आणि निम्म्या वाटेत आईच्या गुडघ्याने संप पुकारला. तुम्ही पिकअप थांबवलीत, सीटवरचं जाळं मागे टाकलंत आणि हात देऊन तिला बसवलंत. पैशाचं विचारलं तर नुसतं हसलात. त्याबद्दल आभार आहेतच, पण त्याहून जास्त आभार तुमच्या गप्पांचे.

आमच्या सहलीच्या पत्रकात व्हेल, अस्वलं आणि झिपलाइन एवढंच होतं. धक्क्याजवळचा 1912 सालचा मासे डबाबंद करण्याचा कारखाना कुणाच्या कष्टांवर चालला, ते तुमच्याकडून कळलं. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि तुमच्या ट्लिंगिट या मूळनिवासी जमातीच्या पूर्वजांना ग्लेशियर बे ही खाडी सोडावी लागली. मग 1944 च्या आगीत गाव जळालं, कुळांच्या पिढीजात वस्तूंसकट. ग्लेशियर बेच्या किनाऱ्यावर 2016 मध्ये पुन्हा कुळघर उभं राहिलं, हे सांगताना मात्र तुम्ही गाडी चक्क बाजूला घेतलीत.

आईने विचारलंच, "एवढा लोंढा येतो, वैताग नाही येत?" हे इंग्रजीत सांगायला मी कचरत होतो. तुम्ही तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलंत.

येतो, म्हणालात. एकेका जहाजातून गावाच्या दुप्पट-तिप्पट माणसं उतरतात. पण 2004 पासूनचा हा धंदा हूना टोटेम कॉर्पोरेशनचा, म्हणजे मूळ गावकरी भागधारकांचाच. लाकूडतोड आटली, मासेमारीचं खरं नाही, पोरं राजधानी जुनोला निघालेली. आता निदान उन्हाळ्यात घरी राहून पगार मिळतो. अडचण एकच, सॅल्मनही उन्हाळ्यातच येतो. हिवाळ्यासाठी मासे धुरावर धरायचे की पाहुणे फिरवायचे?

आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती हर्णैची. पावसाआधी सुकट भरून ठेवायची घाई तिने लहानपणापासून पाहिलेली, आणि आता नेमक्या त्याच मे महिन्यात तिथेही पर्यटकांच्या गाड्या लागतात. मग तुम्ही दोघी मासे किती दिवस वाळवायचे यावर हातवाऱ्यांनी बोलत बसलात. मध्ये माझी गरजच उरली नाही.

तुम्ही दिलेला सॅल्मनचा तुकडा तिने जहाजावरच्या पाच पदार्थांच्या जेवणाला नकार देऊन साध्या भाताबरोबर खाल्ला. वाढपी हबकलेच होते.

पुण्यातले आमचे शेजारी पुढच्या उन्हाळ्यात तिकडे येताहेत. आधी गावात जा, खरेदी तिथल्याच दुकानांत करा आणि कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभे राहू नका, असं आईने त्यांना बजावलंय. ऐकलं नाही तर बिनधास्त कळवा, इकडचं ती बघून घेईल.

तुमच्या पिकअपमध्ये मागे कोंबलेला,
तिचा मुलगा