तक्रार: ताईने पाठवलेला दिवाळीचा फराळ स्पेनऐवजी इंग्लंडला पाठवल्याबद्दल

दि. 20 नोव्हेंबर 2025
तोर्रेव्येखा, आलिकांते, स्पेन

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर, पुणे ऑफिस

नमस्कार,

मी तुम्हाला आत्तापर्यंत 4 ईमेल पाठवले आणि चारही वेळेला मला इंग्लिशमध्ये तेच ते उत्तर आलं, वर "डिअर सर" लिहिलेलं. मी 74 वर्षांची बाई आहे, सर नाही. तुम्ही पार्सल कंपनीवाले फेसबुकवर जाहिरात मराठीत करता, "आईच्या हातचा फराळ जगात कुठेही" असं लिहिता, म्हणून मी पण आता मराठीतच सविस्तर लिहितेय, आणि कृपया कुणीतरी हे शेवटपर्यंत वाचा.

आधी मी कुठे राहते ते नीट सांगते कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. मी मूळची साताऱ्याची, 1976 ला लग्न होऊन इंग्लंडला लेस्टरला गेले, तिथे सरकारी हॉस्पिटलात 31 वर्षं नोकरी केली, पासपोर्ट ब्रिटिश झाला. रिटायर झाल्यावर 2014 मध्ये आम्ही दोघं लेस्टरचं घर विकून इथे स्पेनला आलो, कारण यांना सांधेदुखी होती आणि तिथली थंडी सोसत नव्हती. लोक विचारतात भारतात का नाही गेलात, तर त्याचं कारण असं की ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहायला गेलं की आहे त्या आकड्यावर गोठते, पुढे कधीच वाढत नाही, आणि स्पेनमध्ये ती दरवर्षी वाढते. शिवाय ब्रिटनकडून मिळणारा एस-वन फॉर्म भरला की इथल्या सरकारी दवाखान्यात पेन्शनवाल्यांना उपचार मिळतात. यांना 3 वर्षांपूर्वी देवाज्ञा झाली, मी इथेच राहिले. म्हणजे नागरिक ब्रिटनची, घर स्पेनमध्ये, माहेर साताऱ्याचं आणि माझी एकुलती एक बहीण पुण्यात कोथरूडला. इथे माझ्यासारखे हजारो लोक आहेत, आमच्या गल्लीत तर अर्ध्याच्या वर इंग्लिश म्हातारी माणसं आहेत, त्यामुळे हे काही जगावेगळं नाही.

ताई 79 वर्षांची आहे. तिने या वर्षी माझ्यासाठी अनारसे केले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अनारसे करत असतील तर माहीत असेल, तांदूळ 3 दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, कुटून, चाळून, गुळात मळून पीठ मुरवत ठेवायचं, आणि तळताना एक जरी हसला, म्हणजे कढईत फुटून पसरला, तर पुढच्या घाण्याचा भरवसा नाही. गुडघे दुखत असताना तिने हे केलं. शिवाय भाजणीची चकली, भाजणी घरची, कडबोळी, बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, सगळं मिळून 6 किलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे 3 ऑक्टोबरला ती रिक्षाने तुमच्या काउंटरवर गेली, 7,200 रुपये भरले आणि तिला सांगितलं 7 ते 9 दिवसात पोचेल, वसुबारसेच्या आत नक्की.

तिथे काय झालं ते तिने मला तीनदा सांगितलंय आणि दरवेळी तेच सांगितलंय. तुमच्या मुलाने माझ्या पासपोर्टची कॉपी मागितली, ती तिने फोनमधली दाखवली, पासपोर्ट ब्रिटिश बघून त्याने कॉम्प्युटरवर देश "युनायटेड किंगडम" केला. ताईने फॉर्मवर स्वतःच्या हाताने "स्पेन" लिहून खाली दोन रेघा मारल्यात, त्या फॉर्मचा फोटो सोबत जोडलाय, आणि लेबलचा पण फोटो आहे, त्यावर रस्ता माझा, गाव तोर्रेव्येखा, पिनकोड 03 ने सुरू होणारा पाच आकडी, आणि खाली देश युनायटेड किंगडम. अहो ब्रिटनचे पोस्टकोड अक्षरांनी सुरू होतात, तुम्ही रोज परदेशी पार्सलं पाठवता, तुमच्या सिस्टिमने हा पत्ता घेतला कसा आणि छापताना कुणाच्याच डोळ्याला कसं दिसलं नाही?

8 ऑक्टोबरला पार्सल लंडनला हीथ्रोला पोचलं. तिथून पुढे 24 तारखेपर्यंत ट्रॅकिंगवर एकच ओळ, पत्ता सापडत नाही. त्या दिवसांत मी तुम्हाला किती वेळा फोन केला त्याची यादी माझ्याकडे आहे. तुमचा 1800 चा नंबर भारताबाहेरून लागत नाही, हे जगभर पार्सलं पाठवणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवं. दुसरा साधा नंबर मिळाला तो सकाळी 10 ला सुरू होतो म्हणजे आमचे पहाटेचे साडेसहा, तर मी अंधारात उठून फोन हातात घेऊन बसायचे, 20-20 मिनिटं गाणं ऐकायचं आणि मग कुणीतरी म्हणायचं मॅडम एस्कलेट केलंय. एकदा एका मुलाने मला स्पष्ट सांगितलं की "मॅडम तुम्ही ब्रिटिश आहात ना, मग पार्सल ब्रिटनलाच जाणार." मला फार लागलं ते. माणूस राहतो कुठे आणि त्याचा पासपोर्ट कुठला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पार्सल घराला जातं, पासपोर्टला नाही.

आता यात माझं नुकसान काय झालं ते तुम्हाला पैशात कळणार नाही म्हणून सांगते. इथे आम्हा म्हाताऱ्यांचा दिवस कोपऱ्यावरच्या बारमध्ये सुरू होतो, बार म्हणजे आपल्याकडच्यासारखा नाही, इथे बार म्हणजे चहा-कॉफीचं हॉटेल. सकाळी साडेनऊ-दहाला आम्ही 7-8 जण जमतो, कॅफे कॉन लेचे म्हणजे दुधाची कॉफी आणि टोमॅटो लावलेला भाजका पाव, ऑलिव्ह तेल घालून. बोलणं रोजचंच, कुणाचा गुडघा, कुणाची हॉस्पिटलची तारीख, तिकडे इंग्लंडमध्ये पाऊस आहे का, नातवंडं कधी येणार, ब्रेक्झिटनंतर आता घरच्यांनी पाठवलेल्या बिस्किटांच्या पार्सलवर पण कसा कर बसतो. समोरच्या घरातली बाई यॉर्कशायरची आहे, 81 वर्षांची, यांच्या आजारपणात तिने मला रोज जेवण आणून दिलंय. खालच्या मजल्यावरचे स्पॅनिश आजोबा आहेत, ते नाताळच्या आधी तुरोन आणून देतात, इथल्याच हिखोना गावचा, तो बदामाचा कडक तुरोन म्हणजे थेट आपली चिक्की, फक्त गुळाऐवजी मध. 11 वर्षं मी या लोकांचं खातेय. तर या वर्षी मी सगळ्यांना सांगून ठेवलं की 21 तारखेला माझ्याकडे लक्ष्मीपूजन आहे, सगळ्यांनी या, माझी बहीण भारतातून फराळ पाठवतेय. महिनाभर आमच्या टेबलावर तोच विषय होता. यॉर्कशायरवाली रोज विचारायची, पार्सल आलं का गं?

21 तारखेला 9 माणसं आली, छान कपडे घालून, एकाने टाय लावला होता. आणि माझ्याकडे काय होतं, तर मी आदल्या रात्री जागून केलेली शंकरपाळी आणि इथल्या सुपरमार्केटात मिळणाऱ्या हरभऱ्याच्या पिठाचे थोडे लाडू, ते पीठ इथे मासे तळायला वापरतात, बेसनाइतकं बारीक नसतं, लाडू कचकचीत झाले. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी कौतुकच केलं, पण मी अनारसे म्हणजे काय ते महिनाभर सांगितलं होतं आणि दाखवायला एक पण नव्हता. ताईने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिला सगळ्यांना भेटवलं, ती ताटाकडेच बघत होती.

पुढची हकीकत अजून वाईट आहे. 24 ला तुम्ही पार्सल इंग्लंडवरून स्पेनला वळवलं, मला न विचारता. इंग्लंड आता युरोपियन युनियनमध्ये नाही त्यामुळे इथे परत कस्टम आलंच. 29 ला माद्रिदमधून मेसेज आला की घेणाऱ्याचा एनआयई नंबर नाही. हा नंबर इथे राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाकडे असतो, कस्टमला तो लागतोच, ताईने फॉर्मवर लिहिला होता (फोटोत बघा), तुम्ही तो पुढे टाकलाच नाही. मी त्याच दिवशी पाठवला. मग कळलं की तुमच्या बिलावर किंमत 150 युरो आणि प्रकार "विक्रीचा माल" लिहिलाय. विक्रीचा माल? एका बहिणीने दुसरीला घरी करून पाठवलेला खाऊ आहे तो! एका खाजगी व्यक्तीने दुसऱ्या खाजगी व्यक्तीला पाठवलेली भेट, किंमत 45 युरोपर्यंत असेल तर इथे ड्युटी पण नाही आणि व्हॅट पण नाही. ताईने सामान आणलं त्याची किंमत अडीच हजार रुपयांच्या वर नाही, म्हणजे ते यात आरामात बसत होतं. तुमच्या आकड्यामुळे मला व्हॅट आणि एजंटची फी मिळून 38 युरो भरावे लागले. भरले, कारण तोपर्यंत मला फक्त ते खोकं हवं होतं.

आणि 12 नोव्हेंबरला मेसेज आला की तपासणीत दुधाचे पदार्थ सापडले म्हणून सगळं पार्सल नष्ट केलं. ताईने वरून पाव किलो पेढे ठेवले होते. तिने तुमच्या काउंटरवर विचारलं होतं, पेढे चालतील ना, तर "आजी सगळं चालतं" असं उत्तर मिळालं. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालाने मागवायला इथे बंदी आहे, हा काही लपलेला नियम नाही. 2021 मध्ये ब्रेक्झिटचे नियम लागू झाल्या झाल्या इंग्लंडहून हॉलंडला उतरणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविचेस काढून घेतली होती, ते टीव्हीवर दाखवलं होतं. तुमचा धंदाच खाण्याच्या पार्सलांचा आहे. एका वाक्यात "आजी पेढे काढा" म्हटलं असतं तर ताईने तिथेच काढले असते. पाव किलो पेढ्यांपायी 6 किलो फराळ कचऱ्यात गेला.

तरी मी हे पत्र यासाठी लिहीत नाहीये. पैसे गेले, फराळ गेला, सणही गेला, ठीक आहे. मी लिहितेय ते 13 तारखेला तुमच्या ऑफिसमधून ताईला जो फोन गेला त्यामुळे. तिला सांगण्यात आलं की पत्ता पाठवणाऱ्याने चुकीचा दिला होता त्यामुळे कंपनी जबाबदार नाही. तेव्हापासून ती मला रोज फोन करून एकच म्हणतेय, माझंच काहीतरी चुकलं असेल गं, चष्मा नव्हता लावला मी. मी तिला तिच्याच हातचा फॉर्म परत पाठवून दाखवला, रेघा मोजून दाखवल्या, तरी तिला पटत नाही कारण तिच्या मते कंपनीची माणसं खोटं कशाला बोलतील. तिने आता भाचीला सांगितलंय की पुढच्या वर्षीपासून मी काही पाठवणार नाही, माझ्याच्याने नीट होत नाही. माझी आई गेल्यापासून, म्हणजे 1989 पासून, एक दिवाळी ताईने चुकवलेली नाही, लेस्टरला पण यायचं आणि इथे पण यायचं, टपालाने, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून, कसंही. तुम्ही खोटं बोलून तिच्या मनात हे घातलंय आणि मला याचा खूप राग आहे.

त्यामुळे सगळ्यात आधी मला हे हवंय की तुमच्या एखाद्या वरिष्ठ माणसाने, काउंटरवरच्या मुलाने नाही, ताईला फोन करून मराठीत सांगावं की पत्ता तुम्ही बरोबर लिहिला होता, चूक आमच्याकडून झाली. शक्य असेल तर घरी जाऊन सांगा, तुमच्या ऑफिसपासून ती 10 मिनिटांवर राहते. दुपारी 2 ते 4 ती झोपलेली असते तेव्हा जाऊ नका. आणि हेच लेखी पण द्या, मोठ्या अक्षरात, तिला वाचता येईल असं.

7,200 रुपये तिच्या खात्यात परत करा, खातं तिचंच आहे कारण पैसे तिने भरलेत. माझे 38 युरो मला द्या, पावती जोडलीये. आणि तुमच्या सिस्टिममध्ये देश हा घेणाऱ्याच्या पत्त्यावरून भरला जाईल, पासपोर्टवरून नाही, एवढी दुरुस्ती करा, आणि काउंटरवर युरोपला काय चालत नाही त्याचा एक मराठी बोर्ड लावा. माझ्या गल्लीत एक गुजराती जोडपं आहे, लेस्टरचंच, त्यांचं पण असंच झालंय दुसऱ्या एका कंपनीकडून, त्यामुळे हे एकट्या माझ्यापुरतं आहे असं समजू नका.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर भाची पुण्यातल्या जिल्हा ग्राहक आयोगात ताईच्या नावाने तक्रार दाखल करणार आहे, कागद सगळे तयार आहेत. मला मात्र तिला या वयात तिथे न्यायचं नाहीये. मला फोन करायचा असेल तर इथली वेळ आता भारताच्या साडेचार तास मागे आहे हे बघून करा, सकाळी मी 11 पर्यंत बाहेर असते. पण मला नंतर केलात तरी चालेल, आधी ताईला करा.

आपली ग्राहक,
(नाव, पार्सल नंबर आणि ताईचा फोन नंबर तुमच्या रेकॉर्डला आहे, तो बरोबर आहे, मी तपासलाय)

सोबत: फॉर्मचा फोटो, लेबलचा फोटो, कस्टमची पावती, 12 नोव्हेंबरचा मेसेज