रोबो देणाऱ्या आणि तो वापरायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर खेळायला कुणी नाही म्हणून माझं टेबल टेनिस सुटायच्या बेतात होतं, तेव्हा तुम्ही तुमचा रोबो, म्हणजे समोरून आपोआप चेंडू टाकणारं मशीन, माझ्या हवाली केलात. त्याबद्दल तोंडी आभार मानलेच होते. पण मशीन दिल्यानंतर तुम्ही जे शिकवलंत, ते त्याहून मोठं आहे. ते चारचौघांत सांगावंसं वाटलं म्हणून हे उघड पत्र.

मशीन टेबलाला लावून झाल्यावर तुम्ही आतली दोन चाकं दाखवलीत. वरचं जास्त जोरात फिरलं की टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी; खालचं जास्त जोरात फिरलं की बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी; दोन्ही सारखी असली तर चेंडूला फिरकी जवळजवळ नाहीच. ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा तो चेंडू चाकांच्या वेगातल्या फरकाने किती वेगळा वागतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं. नव्या चेंडूंवर पावडर असते, ते चाकांत घसरतात, म्हणून आधी धुऊन पुसून घ्यायचे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग तुम्ही वेगाचं बटण मागे फिरवलंत. इतकं मागे, की दोन चेंडूंमध्ये चांगली उसंत मिळायला लागली. ‘फटका पूर्ण होऊन बॅट जागेवर आली, पाय सावरले, की मगच पुढचा चेंडू,’ म्हणालात. एकट्याच्या सरावात याहून मोलाचा सल्ला मला तरी माहीत नाही. चेंडू धडाधड यायला लागले की हात आखडतो, फटका अर्धाच सुटतो, आणि तोच अर्धा फटका अंगवळणी पडतो.

माझा चेंडू कुठे पडला याच्याशी रोबोला देणंघेणं नसतं, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात तुम्ही निशाणा म्हणून वहीचा कागद ठेवलात. आणि बॅकस्पिनवरचा लूप, म्हणजे खालून वर घासत मारलेला टॉपस्पिनचा फटका! समोर माणूस असता तर त्याने ब्लॉक केला असता, म्हणजे बॅट नुसती आड धरून तो परतवला असता, पुढचा चेंडू टॉपस्पिनचा आला असता. रोबो मात्र पुन्हा बॅकस्पिनच टाकतो. म्हणून प्रत्येक लूपनंतर एक फोरहँड नुसता हवेत मारायला लावलात. पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, पण त्यामुळेच लूप मारून तिथंच थांबून राहायची सवय मला लागली नाही. परवा खऱ्या रॅलीत ब्लॉक परत आला, तेव्हा मी तयार उभा होतो. सर, तो आनंद तुमचा आहे.

एक गोष्ट मात्र या मशीनकडून होत नाही. त्याच्या हातात बॅट नाही, त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याचं मनगट वाचायचा सराव राहून जातो. तेवढ्यासाठी तुमचा एक तास हवा आहे. तुम्ही सर्व्हिस करा, मी रिसीव्ह करतो. चेंडू धुऊन ठेवलेत. कधी येऊ, तेवढं कळवा.

तुमचा,
एक विद्यार्थी