हिचिनहून आप्पांना पत्र: रिचर्ड वॉकर यांच्याबद्दल

हिचिन, हार्टफर्डशायर, इंग्लंड

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या तिकडं मासं धरतं का कोणी?" आणि मी उत्तर देईपर्यंत फोन कटला. त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत मावलंही नसतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी पत्रच लिहायला बसले आहे. दादाला सांगा, सावकाश वाचून दाखव.

धरतात, आप्पा. पण आपल्यासारखं पोटासाठी नाही. तळ्यात जाळं टाकणारं इथं मला कोणी दिसलं नाही. गोड्या पाण्यातले मासे गळानं धरतात, तेही हौसेनं, आणि धरलेला कार्प नावाचा मासा वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात. माशाला खरचटू नये म्हणून त्याच्या खाली ओली गादी अंथरतात. आईला हे पटायचं नाही, ठाऊक आहे मला. माझ्याबरोबर कामाला एक पोलंडची बाई आहे, तिलाही पटत नाही. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री ताटात कार्प लागतोच.

हा कार्प तुमच्या ओळखीचा आहे. आपण उजनीत ज्याला सायप्रिनस म्हणतो, तोच. तो आपल्या देशातला मूळचा नाही. १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून त्याची दुसरी जात कटकला आली. इंग्लंडचाही तो मूळचा नाही. काही शतकांपूर्वी युरोपातून आला आणि मठांच्या, जमीनदारांच्या तळ्यांत वाढला. दोन्हीकडे पाहुणाच, पण दोन्हीकडे मुरला.

तर ज्या गावात मी राहते, त्या हिचिनमध्ये १९१८ साली, गळानं कार्प धरण्यात नाव काढलेल्या रिचर्ड वॉकर यांचा जन्म झाला. १९८५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. मला त्यांच्याबद्दल कळलं ते आमच्या शेजारच्या आजोबांकडून. मी मासेमाराची मुलगी आहे म्हटल्यावर ते इतके खूश झाले की जुन्या मासिकांचा गठ्ठाच घेऊन आले. तेव्हापासून मी वाचतेच आहे, आणि वाचताना सारखे तुम्ही आठवता.

वॉकरांच्या आधी इथे पक्की समजूत होती की मोठा कार्प गळाला लागत नाही. लागलाच तर नशिबानं, आणि लागला तर दोर तोडून जातो. १९३० साली अल्बर्ट बकली नावाच्या माणसानं डर्बीशायरमधल्या एका जलाशयात २६ पौंडांचा, म्हणजे पावणेबारा किलोंचा कार्प धरला. पुढची एकवीस वर्षं तो विक्रम कोणी मोडला नाही. लोकांनी प्रयत्नच सोडून दिला होता म्हणा ना.

वॉकर शिकलेले इंजिनियर. लढाईच्या काळात रडारच्या कामावर होते, नंतर गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. त्यांनी नशिबाची गोष्ट मानली नाही. मासा आहे, तो रोज खातो, मग गळाला का लागत नाही? एवढा एकच प्रश्न घेऊन ते पाण्याकाठी बसले. आधी मासा बघायचा, तो कुठून कुठे फिरतो, ऊन चढल्यावर कुठे जातो, वाऱ्यानं कोमट पाणी ज्या काठाला लोटलं जातं तिकडे सरकतो का, हे सगळं बघायचं, गळ त्यानंतर. काठावर पाय आपटून चालायचं नाही, कारण कार्पच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं कानाला जोडलेली असते आणि जमिनीतून पाण्यात गेलेला धक्का त्याला ऐकू जातो. आपल्या रोहू-कटल्यालाही तीच हाडं असतात. आता कळलं, होडीत भांडं वाजलं की तुम्ही आमच्यावर का ओरडायचात ते.

आमिषाचंही तसंच. तळाला शेवाळ आणि गाळ. नुसता पावाचा लगदा लावला तर जड गोळा त्यात रुतून दिसेनासा होतो, आणि नुसती पावाची कड लावली तर ती वर तरंगते. वॉकरांनी लगद्याला कडेचा तुकडा अशा बेतानं जोडला की गोळा हळूहळू खाली जावा आणि शेवाळावर अलगद टेकावा. दोरीला शिशाचं वजन लावायचंच नाही, कारण कार्प आमिष तोंडात ओढतो, चाचपतो, आणि जरा ओढ जाणवली की थुंकतो. त्याचे दात घशात असतात, ओठावर नाहीत. तोंडात घेऊन बाहेर टाकणं हा त्याचा रोजचा खेळ. (पुढे लेनी मिडलटन नावाच्या गळकऱ्यानं ह्याच सवयीवर तोड काढली. आमिष गळाच्या आकड्यात न टोचता केसाएवढ्या बारीक दोऱ्यानं आकड्याच्या बाहेर लोंबतं ठेवलं. माशानं आमिष ओढलं की मोकळा आकडा मागोमाग आत जातो. आज जगभर गळानं कार्प बहुतेक असाच धरतात. तेही आता हयात नाहीत.)

हत्यारंसुद्धा वॉकरांनी स्वतः घडवली. बांबूच्या पट्ट्या तासून, चिकटवून दहा फुटी काठी केली. तिला मार्क फोर म्हणतात आणि लोक ती आजही जपून ठेवतात. काठीचं टोक काटकोनात वाकवायला किती वजन लागतं ते मोजायचं आणि त्यावरून किती ताकदीची दोरी लावायची ते ठरवायचं, असा हिशेब त्यांनी बसवून दिला. रात्री डोळे ताणून दोरीकडे बघावं लागू नये म्हणून विजेची घंटी तयार केली. दोरी ओढली गेली की तार जुळते आणि घंटी वाजते. लांब फेकता यावं म्हणून थेंबाच्या आकाराचं, फिरत्या कडीचं शिसं ओतलं. ते इथून जवळच्या आर्लसी गावच्या तळ्यासाठी केलेलं, म्हणून त्याला आर्लसी बाँब हे नाव पडलं. कार्पसाठी नव्हतं ते, पर्च नावाच्या माशासाठी होतं. पण माणूस कसा होता ते त्यावरून कळतं. अडचण आली की घरी जाऊन वस्तू घडवायची.

आता मुख्य गोष्ट. वेल्सच्या हद्दीजवळ हेरफर्डशायरमध्ये रेडमायर नावाचं तळं आहे. तीनेक एकरांचं. उजनीचा फुगवटा बघितलेल्याला ते शेततळंच वाटेल. १९३४ साली डोनल्ड लेनी नावाच्या मत्स्यबीजवाल्यानं त्यात हॉलंडहून आणलेले पन्नास लहान कार्प सोडले होते. मग त्यांच्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्स यांना तिथे ३१ पौंडांहून मोठा कार्प मिळाला, बकलींचा विक्रम मोडला, आणि वॉकर व त्यांच्या मित्रांना ह्या तळ्याचा पत्ता लागला.

१३ सप्टेंबर १९५२. वॉकर आणि त्यांचे मित्र पीटर थॉमस रात्रभर काठावर होते. दाट अंधार. उजाडायच्या आधी घंटी वाजली. मासा शेवाळात, काठच्या काट्याकुट्यांत शिरायला बघत होता आणि वॉकर काठी वाकवून त्याला ओढत आणत होते. शेवटी थॉमस यांनी तो जाळीत घेतला. वजन भरलं ४४ पौंड. वीस किलोला जेमतेम कमी! आधीच्या विक्रमापेक्षा जवळजवळ सहा किलो जास्त. तुम्ही वीस किलोंचे कटले ओढले आहेत, आप्पा, पण ते जाळ्यात. गळावर, बारा पौंडी दोरीवर, काळोखात. विचार करा.

मग त्यांनी काय केलं असेल? लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन लावला आणि मासा जिवंत हवा का विचारलं. ते येऊन घेऊन गेले. तिथल्या काचेच्या टाकीत तो मासा १९७१ पर्यंत जगला. बघायला येणाऱ्यांनी त्याला क्लॅरिसा नाव दिलं होतं. ज्यांना वाटायचं की एवढा कार्प ह्या देशात नसतोच, त्यांनी पोराबाळांना घेऊन जाऊन तो डोळ्यांनी बघितला. गळावरच्या कार्पचा हा विक्रम १९८० पर्यंत टिकला आणि मोडला तोही त्याच तळ्यात. ख्रिस येट्स यांना तिथे साडेएकावन्न पौंडांचा मिळाला.

पण आप्पा, मला वॉकर ह्या माशासाठी मोठे वाटत नाहीत. एक मोठा मासा कोणालाही लागू शकतो. त्यांनी कळलेलं सगळं सांगून टाकलं, ही मला त्यांची खरी मोठी गोष्ट वाटते. गळ टाकणारे लोक जागा सांगत नाहीत, आमिष सांगत नाहीत. हे भिगवणला तसंच इथंही. वॉकर मात्र लिहीत राहिले. मॉरिस इंगहॅम नावाच्या मित्राला ते पत्रं लिहायचे, काठीबद्दल, दोरीबद्दल, फसलेल्या रात्रींबद्दल, आणि तो उलट लिहायचा. त्या पत्रांचंच पुढे पुस्तक निघालं. १९५१ मध्ये सात-आठ जणांनी कार्प धरणाऱ्यांची एक छोटी मंडळी काढली. ती भेटायची कमी आणि लिहायची जास्त. एकानं लिहायचं, पुढच्यानं त्यात भर घालून तिसऱ्याला पाठवायचं. तळ्याकाठी एकेकटे बसलेले लोक असे एकमेकांच्या डोळ्यांनी बघू लागले. १९५३ मध्ये वॉकरांनी स्थिर पाण्यातल्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी निघालेल्या अँगलिंग टाइम्स ह्या साप्ताहिकात पुढे तीसेक वर्षं सदर चालवलं. लोहाराच्या, खाणकामगाराच्या पोरानं ते वाचावं आणि रविवारी आपल्या गावच्या तळ्यावर करून बघावं. आज ह्या देशात हजारो माणसं जे सहज करतात, त्याची सुरुवात त्या लिहिण्यात आहे. शेजारचे आजोबा सांगतात, त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण वॉकरांचं पान ते कापून डब्यात ठेवायचे.

आणि म्हणून आता तुम्हाला मुद्द्याचं लिहिते. रागावू नका.

तुम्हाला जे माहीत आहे ते कुठल्याच कागदावर नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तुम्ही मिसरूड फुटलेले होतात. पाण्याखाली गेलेली जमीन तुम्ही पायांनी चाललेली आहे. कुठे विहीर होती, कुठे ओढा वळायचा, कुणाच्या बांधावर बाभळी होत्या, पळसदेवचं जुनं गाव कुठे संपायचं. मासा त्याच विहिरीच्या कडेला, त्याच ओढ्याच्या पात्रात उभा राहतो, हे तुम्ही आम्हाला होडीतून बोटानं दाखवायचात, आणि वर तर सगळीकडे सारखंच पाणी दिसायचं. दादाला त्यातलं अर्धं माहीत असेल. त्याच्या मुलाला काहीच माहीत नसणार. मोबाईलवर नकाशे मिळतात, पण त्यात पाटलाची विहीर नसते.

दादाला एक दोनशेपानी वही आणायला सांगितली आहे. पैसे मी पाठवले आहेत. तुम्ही बोला, तो लिहील. सुरुवातीला ह्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग आपोआप पुढचं सुचेल.

भुईमुगाच्या पेंडीत तुम्ही कणिक किती घालायचात आणि कापूस कधी घालायचात? पाणी गढूळ असलं की वेगळं काही टाकायचात, ते काय? एका जागी चारा टाकायचा तो गळ टाकायच्या किती दिवस आधी? सायप्रिनस काठाला गवतात अंडी टाकायला येतो तो कुठल्या महिन्यात, आणि रोहू-मृगळाचं तसं का नाही? वारा कुठल्या अंगाचा असला की तुम्ही होडी काढायचीच नाही म्हणायचात? चिलापी (तिलापिया मासा) वाढल्यापासून कुठल्या जागा बिघडल्या? आणि आजोबा गळ टाकायचे तेव्हा धरण नव्हतं, वाहती भीमा होती. त्यांच्याकडून ऐकलेलं जे काही आठवेल ते वेगळ्या पानावर.

उजनीच्या पाण्याचा नकाशाही काढा. सुबक नको. पेन्सिलीनं, जुन्या विहिरी आणि ओढे दाखवून. दादाला येत नसेल तर पोरीला बसवा, तिचा हात चांगला आहे.

माझी तब्येत बरी आहे. थंडी अजून आहे, पण दुपारी ऊन पडतं. दिवाळीच्या सुमारास येईन, तिकिटाचं बघते आहे. येताना तुमच्यासाठी इथले आकडे आणीन, त्यांची धार फार दिवस टिकते म्हणतात. कुठल्या मापाचे हवेत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का विचारा. पोरांना पापा.

तुमची,
सुमन