सैल चेंडू कुठे गेला?

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. ‘पद्धतींनी फुटबॉल मारला, आता अकरा कारकून चेंडूची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवत बसतात,’ हे तुझं वाक्य झकास आहे. निम्मं खरंही आहे. उरलेल्या निम्म्यावर भांडल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून हे लांबण लावतोय. चहा घेऊन बस.

आधी आकडे उरकतो, कारण तिथे तुझी बाजू लंगडी आहे. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात ३८० सामन्यांत १२४६ गोल झाले, सामन्यामागे ३.२८. लीग वीस संघांची झाल्यापासून इतके गोल कधी झाले नव्हते. तू ज्याला बरा काळ म्हणतोस त्यातल्या २००६-०७ मध्ये ते ९३१ होते. आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणायचंच असेल तर १९९० चा विश्वचषक आठव. ५२ सामन्यांत ११५ गोल, सरासरी २.२१, आजवरच्या विश्वचषकांतली सर्वांत कमी. तेव्हा मैदानाच्या पाच पट्ट्या पाडणारे कोच नव्हते की लॅपटॉप घेऊन बसणारे विश्लेषक नव्हते. एक गोल झाला की बचावपटू चेंडू गोलीकडे द्यायचा, गोली तो हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूकडे टाकायचा. १९९२ च्या युरो चषकात डेन्मार्कने हा खेळ आपल्या गोलीबरोबर, श्मायकेलबरोबर, मनसोक्त खेळला आणि चषक नेला. त्याच वर्षी पायाने मुद्दाम दिलेला बॅकपास हातात घ्यायला बंदी आली. पुढच्या विश्वचषकात विजयाला दोनाऐवजी तीन गुण झाले, आणि सरासरी २.७१ वर गेली. त्या वेळी खेळ सुटला तो नियमाने सुटला, हे डोक्यात ठेव. पुढे लागेल.

पण तुझी तक्रार गोलांची नाहीच. तुला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं ते सैल चेंडूसाठी. म्हणजे तो क्षण, जेव्हा चेंडू कुणाचाच नसतो, दोन्ही संघ अर्धवट पुढे गेलेले असतात आणि पुढच्या पाच सेकंदांत काय होईल हे मैदानावरच्या कुणालाच ठाऊक नसतं. मोठ्या संघांची आजची पद्धत तो क्षण येऊच नये म्हणून बेतलेली आहे.

ती कशी, ते बघ. मैदान १०५ मीटर लांब, ६८ रुंद. ते उभ्या पाच पट्ट्यांत वाटायचं: दोन कडेच्या, एक मधली, आणि त्यांच्या मध्ये दोन अर्धपट्ट्या. कोच पेप ग्वार्दिओलाच्या सरावाच्या मैदानावर या रेषा खरोखरच आखलेल्या असत. एका आडव्या रेषेत तीनपेक्षा जास्त खेळाडू नकोत, एका उभ्या पट्टीत दोनपेक्षा जास्त नकोत. विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, रेषेला चिकटला की फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, आत सरकणार, मधला खेळाडू खाली आला की दुसरा त्याची जागा भरणार. त्यामुळे चेंडू असलेल्याला कायम दोन-तीन पास मोकळे मिळतात. इथवर उत्तम.

खरी मेख मागे आहे. चेंडू समोरच्या बॉक्सपाशी असतो तेव्हा फक्त पाचजण पुढे असतात. उरलेले पाच मागे, तीन आणि त्यांच्या पुढे दोन, असे रचून ठेवलेले. २०२२-२३ मध्ये ग्वार्दिओलाच्या मँचेस्टर सिटीने तिन्ही मोठे चषक जिंकले तेव्हा बचावपटू स्टोन्स बचावफळीतून पुढे येऊन मधल्या रॉड्रीशेजारी उभा राहायचा तो याचसाठी. चेंडू गेला तर समोरच्याचा पहिला पास जिथे जाणार तिथे हे दोघे आधीच हजर. चार-पाच सेकंदांत चेंडू परत मिळवायचा, नाहीच जमलं तर मध्यरेषेजवळ हलका फाऊल करायचा. प्रतिहल्ला जन्मालाच येत नाही. आणि प्रतिहल्ला हा तर सामन्यातला सर्वांत थरारक भाग! प्रेक्षकाचा श्वास अडकावा असे दहा सेकंद या पाचजणांनी चोरलेत. तू शिव्या पासिंगला देतोस. खरा चोर चेंडूमागे उभा असतो आणि कॅमेऱ्यात बहुतेकदा येतच नाही.

आता दुसरी बाजू. समोरचा संघ पाच-चार-एक (पाच बचावात, चार मध्ये, एक पुढे) रचून आपल्या गोलपुढे खाली बसतो. साधारण ४० मीटर रुंद आणि २५ खोल अशा चौकोनात दहा माणसं. ७१४० चौरस मीटरचं मैदान, त्यातल्या हजारभर मीटरांत सगळी गर्दी. मधून पास घातला आणि अडला तर धोका, म्हणून चेंडू घोड्याच्या नालासारखा या चौकोनाभोवती फिरत राहतो: डावीकडून मागे, मागून उजवीकडे, पुन्हा मागे. तुझी फाईल ती हीच.

हा नाल फुटतो कसा, ते कळलं की कंटाळवाणा संघ आणि संयमी संघ यांतला फरक दिसायला लागतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेला चेंडू चार-पाच पासांत गेला तर समोरची फळी आरामात चालत सरकते, काही उपयोग नाही. तोच एका लांब तिरक्या पासाने, किंवा दोन पासांत गेला, तर तिकडचा फुलबॅक दोन सेकंद एकटा सापडतो. त्याच्या मदतीला दुसरा येईपर्यंत विंगरने अंगावर जायचं असतं. जो विंगर त्या दोन सेकंदांत चेंडू थांबवून मागे देतो, त्याचा संघ बघायला बसू नकोस. आणि दोष बहुधा त्या पोराचा नसतो. ड्रिबल, म्हणजे चेंडू पायाशी घेऊन चकवणं, दहांतून सहा वेळा फसतं हे त्यालाही माहीत असतं, पण फसल्यावर बाकावर कोण बसवतो तेही माहीत असतं. कडेला चेंडू घेऊन उभा राहिलास, दोघांना स्वतःकडे ओढलंस आणि परत दिलास, की काम झालं, असं त्याला शिकवलेलं असतं. विंगरचा खुंटा झाला आहे. इथे मी शंभर टक्के तुझ्या बाजूने.

लांबून मारलेल्या फटक्यांचंही तेच. २५ मीटरवरून मारलेल्या शंभर फटक्यांतले तीन-चार आत जातात. मग कोच सांगतात, मारू नका, आणखी जवळ जा. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. बाहेरून मारायला कुणी तयारच नसेल तर त्या चौकोनातून पुढे येऊन कुणी अडवायचं कशाला? फटका येईल या भीतीने बचावपटू दोन पावलं पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे जागा सुटते. ती भीती काढून घेतली की जवळ जायचा रस्ताही बंद. आकडा फटक्याचा मोजला जातो, दहशतीचा मोजला जात नाही.

एवढं मान्य करूनही ‘पद्धतींनी मारला’ हे मी मानत नाही, कारण पद्धत जोखीम नाहीशी करते असं नाही. ती जोखीम कुठे ठेवायची ते ठरवते. कुणी ती कुठेच ठेवत नाही, तो सामना झोप आणतो. कुणी ती उघड्यावर ठेवतो, आणि मग बघ.

प्रीमिअर लीगमधलं २०२२-२३ चं ब्रायटन घे. त्यांचा तेव्हाचा कोच डे झेर्बी. त्याचे बचावपटू आपल्याच बॉक्सपुढे चेंडूवर तळवा ठेवून नुसते उभे राहायचे. समोरचा धावून येईपर्यंत पास द्यायचाच नाही. आला की चेंडू मधल्या दोघांपैकी एकाकडे, त्याने एका स्पर्शात परत द्यायचा, आणि तिसरा माणूस मोकळा. पाच-सहा समोरचे खेळाडू मागे पडलेले, पुढे चारास चार. बिघडतं कुठे, तर मधला खेळाडू चेंडू घेताना समोरच्यांच्या गोलकडे पाठ करून असतो. त्याने आधी मान वळवून पाहिलं नसेल तर आंधळ्या बाजूने आलेला समोरचा खेळाडू चेंडू काढून घेतो आणि आपला गोल फक्त वीस मीटरवर असतो. याला कारकुनी म्हणशील? हा तर डोंबाऱ्याचा दोर. त्या वर्षी ते सहावे आले आणि पहिल्यांदा युरोपच्या स्पर्धेत गेले. याला २०१९ च्या एका नियमाचा हातभार आहे: गोल किक बॉक्सबाहेर जायच्या आत आपल्याच खेळाडूने घ्यायला तेव्हापासून परवानगी आहे. त्याआधी हा खेळ थेट गोल किकपासून मांडताच येत नव्हता.

दुसरं उदाहरण तू पाहिलेलं आहेस, म्हणून तुला सुटका नाही. चॅम्पियन्स लीगमधली २०२५ ची बार्सिलोना-इंटर उपांत्य लढत: पहिली ३-३, दुसरी जादा वेळेत ४-३ इंटर. दोन सामन्यांत तेरा गोल. दोन्ही संघ पद्धतीत पुरते बुडालेले! बार्सिलोनाचा कोच फ्लिक, त्याची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर. तिचं गणित एकाच गोष्टीवर उभं असतं: समोर पास देणाऱ्याला मान वर करायला वेळ मिळता कामा नये. त्याला सेकंद-दीड सेकंद मिळाला तर फळीने मागे पळायला हवं. फ्लिकची पळत नाही, ती जागेवर उभी राहून ऑफसाइडवर पैज लावते. कॅमेऱ्यांच्या मोजणीने बोटभर पुढे असलेलाही पकडला जातो, म्हणून ही पैज पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहे. पहिल्या सामन्यात इंटरच्या मखितारियनचा गोल अशाच इवल्याशा फरकाने गेला. दुसऱ्यात ९०+३ व्या मिनिटाला ३७ वर्षांचा आचेर्बी, मध्यबचावपटू, समोरच्या गोलपुढे येऊन बरोबरीचा गोल करून गेला. तिथे त्याचं काय काम, असं कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नव्हतं. पण तोवर इंटर २-३ ने मागे पडलं होतं, ते जोखीम उघड्यावर ठेवल्यामुळेच.

त्याच इंटरला अंतिम सामन्यात पॅरिसने ५-० ने धुतलं. अंतिम सामन्यातला हा सर्वांत मोठा फरक. आणि त्यांचा कोच लुईस एन्रिके याच्याइतका पद्धतवेडा माणूस शोधून सापडणार नाही. त्या हंगामात त्याचा संघ मध्यरेषेवरून सुरुवात करताना चेंडू मुद्दाम समोरच्या कोपऱ्याजवळ बाहेर मारायचा, म्हणजे त्यांच्या थ्रो-इनवर सगळ्यांनी तुटून पडता येईल. चेंडू सोडून द्यायचा आणि जागा विकत घ्यायची. सैल चेंडू हद्दपार करण्याऐवजी तो आपल्याला हवा तिथे तयार करण्याची ही पद्धत आहे.

मग तुझा कंटाळा खोटा का? नाही. पण माझ्या मते सध्याचा मोठा गुन्हेगार चेंडू थांबलेला असतानाचा वेळ आहे. कॉर्नर बघ. आत वळणारा चेंडू, सहा यार्डांच्या चौकोनात सहा-सात माणसं, एकजण गोलीच्या अंगाला चिकटून, दोघे लांबच्या खांबापासून धावत येणार आणि एकजण त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या वाटेत ‘सहज’ उभा. आर्सेनलने २०२३-२४ मध्ये कॉर्नरवर १६ गोल केले, म्हणून आता सगळेच तसं करतात. कौशल्य आहेच. पण प्रत्येक कॉर्नरला मांडामांड, रेफरीची तंबी, पुन्हा मांडामांड, आणि मिनिट गेलं. त्यात लांब थ्रो-इन परत आले: टॉवेलने चेंडू पुसायचा, दोन्ही मध्यबचावपटू चालत पुढे येईस्तोवर थांबायचं. नव्वद मिनिटांत चेंडू तासभरही खेळात नसतो.

म्हणून मघाचं नियमाचं बोलणं. २०२५-२६ पासून गोलीने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर थेट कॉर्नर. आधी सहा सेकंदांचा नियम होता, पण शिक्षा बॉक्सच्या आत अप्रत्यक्ष फ्री किकची. ती इतकी जड की रेफरी देतच नसत. शिक्षा हलकी केली तशी ती लागू होऊ लागली. थ्रो-इनलाही असंच घड्याळ लावावं असं माझं मत आहे. ‘पद्धती सोडा’ म्हणून कुठलाही कोच ऐकणार नाही. त्याची नोकरी असते.

आपल्याकडचंही थोडं. कोच लोबेराच्या एफसी गोवाने इंडियन सुपर लीगच्या २०१७-१८ च्या हंगामात हाच पासिंगचा खेळ मांडला. आघाडीच्या कोरोने एकट्याने १८ गोल केले आणि मागे भगदाडं असल्यामुळे सामने भन्नाट झाले. पुढे लोबेरा मुंबईला गेला. २०२०-२१ ला शिल्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याची) आणि चषक दोन्ही मुंबई सिटीकडे. साथीमुळे सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टँडपुढे. अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला बिपीन सिंगचा गोल, आणि ओरडायला कुणी नाही. कोल्हापुरात तालमींचे सामने बघणाऱ्याला मात्र ही चर्चाच चमत्कारिक वाटेल. खडबडीत मैदानावर पहिला स्पर्श अर्धा सेकंद जास्त खातो, आणि पाच पट्ट्यांचं सगळं गणित त्याच अर्ध्या सेकंदावर उभं आहे. चेंडू उसळला की तो सैलच. तिथे पाटाकडील तालीम खेळत असताना कुणी जांभई देताना दिसला तर मला कळव.

पुढच्या शनिवारी सामना लावशील तेव्हा पहिली दहा मिनिटं चेंडू बघू नकोस. हल्ला चालू असताना मागे कितीजण थांबलेत ते मोज. बचावफळी गोलपासून किती लांब आहे ते बघ, आणि विंगरला समोरचा बचावपटू एकटा सापडला की तो विंगर काय करतो ते बघ. मागे पाच, फळी बॉक्सवर आणि विंगर खुंट्यासारखा, असं तिन्ही दिसलं तर खुशाल टीव्ही बंद कर. वहिनींना भाजी आणायला मदत होईल. एक जरी वेगळं दिसलं तर हाफटाइमपर्यंत थांब, आणि मग मला फोन कर.

तुझा,
सुध्या